जुन्या ट्रकचा गळका रेडिएटर: झाळण्याआधी काय करायचं आणि झाळताना काय चुकतं

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या गॅरेजच्या दारात एक ठरलेली तक्रार येते. गाडी वेगळी, मालक वेगळा, बोलणं तेच: "परवाच झाळून घेतला होता, परत गळायला लागला." रेडिएटर बघावा तर एकाच सांध्यावर झाळीचे (वितळवून लावलेल्या कथील-शिशाचे) तीन थर, त्यावर इपॉक्सीचा गोळा, आणि पाणी मात्र तिथून चार बोटं लांब, भलत्याच नळीतून येत असतं. गळती नेमकी कुठे आहे हे कुणी शोधलेलंच नसतं आणि झाळ लावली ती मळक्या धातूवर. या कामात प्रत्यक्ष झाळणं पंधरा-वीस मिनिटांचं आहे. बाकीचा दिवस शोधण्यात, धुण्यात आणि घासण्यात जातो, आणि तो तसा जाऊ दिला तरच झाळ टिकते.

खाली लिहिलंय ते तांब्या-पितळेच्या रेडिएटरसाठी: टाटाची जुनी १२१०, १६१२, जुनी ४०७ आणि त्या काळातल्या इतर गाड्या. आपला रेडिएटर कोणता हे आधी पक्कं करा. रेडिएटरच्या टाकीच्या कडेला नखाएवढा रंग खरवडून बघा. आत पिवळं पितळ दिसलं तर पुढे वाचा. टाकी काळ्या प्लास्टिकची आणि कोर (मधला नळ्या-जाळीचा भाग) पांढऱ्या ॲल्युमिनियमचा असेल तर त्याला ही झाळ धरणारच नाही. त्यावर ॲसिड आणि कथील वाया घालवू नका.

## तयारी: सामान आधी गोळा करा

रेडिएटर खाली उतरवल्यावर सामान आणायला तालुक्याला गेलात की गाडी दोन दिवस उभी राहते. म्हणून आधी हे जमवा: रेडिएटर आडवा बुडेल एवढा हौद किंवा मोठं टब, तोंडं बंद करायला रबरी बुचं, सायकलचा हातपंप (त्यावर दाबाचा काटा हवाच), पितळी तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, जुनी कानस, कथील-शिशाची पट्टी, फ्लक्स (झाळ धातूला धरावी म्हणून आधी लावायचं रसायन), खाण्याचा सोडा, आणि जाड तांब्याच्या टोकाची झाळायची आयर्न.

आयर्नवर थोडं थांबतो, कारण इथे पहिली फसगत होते. रेडिओ-मोबाईल दुरुस्तीची २५ वॉटची आयर्न ट्रकच्या टाकीपुढे काहीच नाही. टाकीचं पितळ सगळी उष्णता पिऊन टाकतं, कथील वितळतं पण धातूला धरत नाही, नुसता गोळा बसतो. विजेची असेल तर २०० वॉटच्या वरची घ्या, नाहीतर स्टोव्हवर तापवायचा तांब्याचा ठोकळा वापरा. ठोकळे दोन असले तर एक तापतो तोवर दुसरा चालतो. गॅसची टॉर्च ज्याचा हात बसलाय त्यानेच धरावी. नवख्याच्या हातात ती शेजारचे चार सांधे सोडवते.

कथिलाची पट्टी ६० भाग कथील, ४० भाग शिसं अशी मिळाली तर उत्तम. ती १८३ अंशांला वितळायला लागते आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होते. शिसं जास्त असलेल्या पट्टीला त्याहून बरीच जास्त आच लागते, आणि जास्त आच म्हणजे शेजारच्या सांध्यांना धोका.

नवीन होज (रेडिएटरचे रबरी पाइप), नव्या क्लिपा, रेडिएटरची कॅप (झाकण) आणि माउंटिंगची रबरं यांचे भाव आधीच विचारून ठेवा. यातलं काहीतरी लागतंच.

## पायरी १: गाडी थंड होऊ द्या

कॅप उघडून भाजलेला क्लीनर मी जवळून पाहिला आहे. एकोणीस-वीस वर्षांचं पोर. घाट चढून आले, काटा लालवर, घाईत गाडी बाजूला घेतली आणि ओलं फडकं धरून कॅप फिरवली. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी निघाली होती.

हे का होतं ते नीट समजून घ्या. ७ पौंडांच्या (चौरस इंचाला ७ पौंड दाब धरणाऱ्या) कॅपखाली पाणी १०० अंशांऐवजी साधारण १११ अंशांना उकळतं. म्हणजे १०५ अंशांचं पाणी आत शांत असतं. कॅप सुटली की दाब जातो आणि तेच पाणी त्या क्षणी उकळून अंगावर येतं. ओलं फडकं त्याला थोपवत नाही.

निदान दीड-दोन तास गाडी उभी ठेवा. वरच्या टाकीवर उघडा तळहात आरामात टेकवता आला की मगच कॅपला हात लावा. कॅप आधी पहिल्या खाचेपर्यंत फिरवून थांबा, फुस्स आवाज पूर्ण बंद झाला की काढा. हँडब्रेक, चाकाला दगड, आणि बॅटरीची मायनस वायर सोडलेली. एवढं झालं की कामाला लागा.

इशारा: तापलेल्या, कोरड्या इंजिनात गार पाणी ओतू नका. हेडला किंवा ब्लॉकला चीर गेली तर रेडिएटरचं काम विसराच.

## पायरी २: रेडिएटर काढण्याआधी गळती शोधा

गाडीखाली पाणी दिसलं म्हणजे रेडिएटरच गळतो असं नाही. फॅनचा वारा थेंब उडवून मागे-खाली नेतो, ओल भलतीकडे दिसते. रात्री गाडी सपाट जागेवर लावून खाली जुना पुठ्ठा पसरा. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. डाग पुढे असेल तर रेडिएटर किंवा खालचा होज. पुलीच्या खाली असेल तर वॉटर पंप बघा. पंपाच्या बॉडीला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. त्यातून पाणी येत असेल तर आतलं सील गेलं. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. एम-सील भरून ते बुजवणारे भेटतात, मग तेच पाणी बेअरिंगमध्ये जाऊन अख्खा पंप बसतो.

पुढे होजची चारही टोकं, ड्रेन कॉक आणि कॅपचं तोंड कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. आता जिथे जिथे शंका आहे तिथे खडूची पूड फासा. गाडी दहा मिनिटं चालू करून बंद करा. पांढऱ्या पुडीत ओलसर रेघ उमटते, तिच्या वरच्या टोकाला गळती असते. रेघेच्या खालच्या टोकाला बघून झाळणारे फसतात, कारण पाणी नेहमी वरून खाली ओघळत येतं.

जुन्या गळतीची खूण कोरड्या रेडिएटरवरही दिसते. कूलंट वाळून हिरवट किंवा पांढरा चट्टा पडतो, साधं पाणी असेल तर तांबूस. जाळीच्या मधोमध असा चट्टा दिसला तर बॅटरीचा उजेड मारून तिथली नळी नीट बघा.

कॅपही आत्ताच तपासा. रबर चिरलंय का, स्प्रिंग कडक आहे का, मधला लहान व्हॉल्व्ह बोटानं हलतो का. सकाळी थंड गाडीचा वरचा होज चपटा झालेला दिसत असेल तर तो लहान व्हॉल्व्ह अडकलाय असं समजा. आणि कॅपवर जो दाब छापलाय तीच कॅप परत घ्या. "जास्त पौंडाची घाल, पाणी उकळत नाही" हा सल्ला जुन्या रेडिएटरचे सांधे उघडतो.

तपासणी, ही चुकवू नका: थंड इंजिनावर कॅप काढा, पाणी तोंडाशी आणा आणि गाडी चालू करा. पाण्यात सतत बारीक बुडबुडे येत राहिले आणि रेस दिल्यावर वाढले, तर हेड गॅस्केटमधून, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगमधून, दाब पाण्यात येतोय. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर ऑइल कूलर किंवा गॅस्केट बघा. डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसलं तरी तेच. असा दाब रेडिएटरचे सांधे पुन्हा पुन्हा फोडतो. आधी ते दुरुस्त करा, नाहीतर या लेखातली सगळी मेहनत महिन्याभरात वाहून जाईल.

## पायरी ३: पाणी काढा, मोजा, रेडिएटर उतरवा

खाली घमेली ठेवून ड्रेन कॉक उघडा. ब्लॉकलाही वेगळा कॉक असतो, तोही उघडा. निघालेलं पाणी बादलीनं मोजून भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. परत भरताना तेवढं गेलं नाही तर आत हवा अडकलीय हे त्यावरूनच कळतं.

कूलंट जमिनीवर सांडू देऊ नका. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. डब्यात भरा, झाकण लावा, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

उतरवायचा क्रम असा: आधी होज, मग फॅनचं कवच, मग वरच्या आधाराच्या पट्ट्या, शेवटी खालचे बोल्ट. खालचे बोल्ट आधी सोडले तर रेडिएटर फॅनवर झुकतो आणि पात्याची टोकं कोरमध्ये घुसतात.

होज वर्षानुवर्षं चिकटलेला असतो. स्क्रू ड्रायव्हर घालून तो उचकटू नका. रेडिएटरचं तोंड पातळ पितळेचं असतं, लगेच वाकतं, आणि वाकलेल्या तोंडावर कोणतीही क्लिप पाणी धरत नाही. होज हातानं पिळून बघा. नाही हलला तर ब्लेडनं उभा चिरून काढा. होज नवा मिळतो. तोंड बसवायचं म्हणजे वेगळं झाळकाम.

उचलण्याआधी फॅन आणि कोर यांच्यामध्ये जाड पुठ्ठा सारा. उचलायला दोघं लागतात. खाली बसलेली माउंटिंगची रबरं उचलून बाजूला ठेवा आणि त्यांची अवस्था बघा. दगडासारखी कडक किंवा चपटी झाली असतील तर गळतीचं मूळ कारण बहुतेक तुमच्या हातात आहे. चेसीची प्रत्येक पिळवट आणि खड्ड्याचा प्रत्येक दणका रबराऐवजी थेट टाकीच्या सांध्याला बसत होता.

## पायरी ४: धुणं

आधी बाहेरून. उसाच्या गाडीच्या कोरमध्ये पाचटाचा चुरा, धूळ आणि तेल यांची मिळून वाकळ बसलेली असते. पाणी नेहमी इंजिनाच्या बाजूनं पुढच्या बाजूकडे मारा, म्हणजे वारा जिकडून कचरा आत नेतो त्याच्या उलट. सर्व्हिसिंगचा जोराचा फवारा जवळून मारू नका, जाळीची पानं झोपतात. झोपलेली पानं पातळ पट्टीनं एकेक करून उभी करा. कंटाळवाणं काम आहे, पण झोपलेल्या जाळीतून वारा जात नाही आणि मग गळती थांबूनही गाडी तापते.

आता आतून. खालच्या तोंडातून पाणी सोडून वरच्या तोंडातून बाहेर येऊ द्या, स्वच्छ येईपर्यंत. मग रेडिएटर उभा करा, खालचं तोंड तळहातानं दाबून धरा, वरून पूर्ण भरा आणि हात झटकन काढा. पाणी धबधब्यासारखं एका दमात पडलं पाहिजे. रेंगाळत, बारीक धारेनं पडत असेल तर नळ्या क्षारानं भरल्यात. बोअरचं पाणी घालणाऱ्या गाड्यांत हे हमखास दिसतं.

थोडे क्षार असतील तर कोमट पाण्यात लिटरला साधारण ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून तासभर आत ठेवा, हलवा, ओता, भरपूर पाण्यानं धुवा, शेवटी सोड्याचं पाणी फिरवा. रात्रभर ठेवू नका. संडास साफ करायचं ॲसिड तर रेडिएटरमध्ये घालूच नका. क्षार निघतात हे खरं, पण नळ्यांचं पितळ आणि सांध्यांची झाळही त्यासोबत खाल्ली जाते. नळ्या गच्च भरल्या असतील तर टाक्या सोडवून चपट्या सळईनं एकेक नळी मोकळी करावी लागते. ते काम रेडिएटरवाल्याकडेच द्या.

## पायरी ५: पाण्यात बुडवून परीक्षा

सगळी तोंडं रबरी बुचांनी बंद करा. एका बुचात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवा आणि बुचाला क्लिपनं आवळा, नाहीतर ते उडतं. रेडिएटर हौदात आडवा बुडवा आणि हातपंपानं हवा भरा. कॅपवर जेवढा दाब छापलाय तेवढाच, फार तर दोन पौंड जास्त.

इशारा: टायरच्या कॉम्प्रेसरची नळी थेट लावू नका. त्या दाबानं टाकी फुग्यासारखी फुगते आणि चांगले सांधे उघडतात.

पहिली पाच मिनिटं जाळीत अडकलेली हवा वर येत राहते, तिला गळती समजू नका. रेडिएटर हलवा, हातानं पाणी फिरवा, मग स्तब्ध उभे राहा. आता एकाच जागेवरून, एकाच लयीत येणारी बुडबुड्यांची माळ दिसते ती गळती. ओल्या धातूवर खडू लागत नाही, म्हणून तिथे जाळीत तांब्याच्या तारेचा तुकडा अडकवून ठेवा. एक सापडली म्हणून थांबू नका. रेडिएटर उलटा करा, चारही बाजूंनी बघा. मोठ्या गळतीनं दाब पडतो आणि बारीक गळत्या लपून राहतात, म्हणून मोठी झाळून झाली की ही परीक्षा पुन्हा करायची आहे हे आत्ताच मनाशी धरा.

आता मोजा आणि निर्णय घ्या. गळती टाकीच्या कडेच्या सांध्याला, होजच्या तोंडाशी, कॉकपाशी किंवा बाहेरच्या रांगेतल्या एखाद्या नळीला असेल तर घरच्या गॅरेजात जमतं. नळ्या टाकीच्या पट्टीत जिथे शिरतात तिथून गळत असेल तर टाकी सोडवावी लागते, आणि पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातून एक सांधा धरताना दोन सुटतात. आणि बोटानं दाबल्यावर जाळी भुगा होऊन गळत असेल, आठ-दहा ठिकाणांहून माळा येत असतील, तर झाळण्यावर पैसे घालू नका. नवा कोर टाकून घ्या, टाक्या जुन्याच चालतात.

## पायरी ६: घासणं

सगळ्यात जास्त घाई इथेच होते.

जुनी इपॉक्सी, रंग, हिरवा गंज, आधीच्या झाळीचे गोळे, सगळं काढायचं. जुना झाळीचा थर आयर्ननं वितळवून फडक्यानं पुसून घ्या. त्यावर नवी झाळ चढवली तर खालचा मळ तसाच राहतो आणि पाणी त्या मळातून वाट काढतं. मग पितळी ब्रश, पॉलिश पेपर. धातू सोन्यासारखा चमकेपर्यंत, आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना निदान दोन बोटं रुंद. पॉलिश पेपर मारून झालेल्या जागेला बोट लावू नका, बोटाचं तेल पुरतं झाळ नासवायला.

रेडिएटर आतून कोरडा करा. भेगेच्या मागे पाण्याचा एक थेंब असला तरी त्याची वाफ होते आणि गरम कथिलातून सुईएवढं भोक पाडून बाहेर येते. वरून झाळ सुरेख दिसते, परीक्षेत तिथूनच बुडबुडे येतात. दोन तास उन्हात उलटासुलटा ठेवा, किंवा पंपानं हवा मारा.

## पायरी ७: झाळणं

आधी हे करा: सगळी बुचं काढा. बंद रेडिएटर तापवला की आतली हवा फुगते आणि ओली झाळ बाहेर फेकते. काम उघड्यावर किंवा वारा खेळत्या जागी करा, डोळ्यांना चष्मा लावा, धूर तोंडावर घेऊ नका. पट्टीत शिसं आहे, म्हणून हात धुतल्याशिवाय चहा-बिडी नको, आणि लहान मुलं आसपास नकोत.

फ्लक्स तयार मिळतो तोच घ्या. ॲसिडमध्ये जस्ताचे तुकडे टाकून घरी शांत करण्याची जुनी रीत आहे, पण त्यातून हायड्रोजन निघतो, जवळ स्टोव्ह असेल तर भडका होतो. रोझिन भरलेली रेडिओची बारीक तार इथे चालत नाही.

१. झाळायच्या जागेच्या शेजारचे सांधे ओल्या फडक्यांनी झाका. फडकी टपटपणारी नकोत, पिळलेली हवीत.

२. आयर्नचं टोक कानशीनं चमकवून, फ्लक्समध्ये बुडवून, त्यावर कथील चढवा. काळ्या टोकातून उष्णता पुढे जात नाही.

३. जागेवर ब्रशनं फ्लक्स लावा आणि आयर्न सपाट टेकवून धरा. कथिलाची पट्टी आयर्नला टेकवू नका, धातूला टेकवा. धातूनं पट्टी वितळवली म्हणजे धातू तापला. वितळलेलं कथील आधी मण्यासारखं गोल राहतं, मग एका क्षणी पाण्यासारखं पसरून चमकदार पापुद्रा होतं. भांड्याला कल्हई करताना कथील कसं धावतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना हा क्षण लगेच ओळखू येईल. मणी पसरला नाही तर झाळ धरली नाही. परत घासा.

४. सगळ्या चमकवलेल्या जागेवर असा पातळ पापुद्रा चढला की मग भेगेवर भर घाला. आयर्न एकाच दिशेनं, सावकाश न्या. कथील भेगेत आत ओढलं जाताना दिसतं.

५. आयर्न उचला आणि हात बांधून उभे राहा. चमकणारी झाळ दोन-चार सेकंदांत अंधूक, राखाडी होते, तेव्हा ती घट्ट झाली. त्याआधी रेडिएटर हलला तर आत बारीक चिरा राहतात. वर पाणी मारून थंड करू नका.

टाकीच्या पत्र्याला उभी चीर असेल तर नुसतं कथील भरून भागत नाही. कथील मऊ असतं, गाडीच्या थरथरीनं चीर पुढे सरकते. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक ड्रिलनं भोक पाडा, म्हणजे ती तिथेच थांबते. मग चिरेपेक्षा सगळीकडून दोन बोटं मोठा पितळेचा पत्रा कापा, कोपरे गोल करा, पत्र्याच्या आतल्या बाजूला आणि टाकीवर वेगवेगळं कथील चढवा, आणि पत्रा दाबून धरून वरून तापवा. कडेनं चमकदार रेघ बाहेर आली म्हणजे आत सगळीकडे धरलं.

नळीच फाटली असेल आणि हात पोचत असेल तर तिच्या आसपासची जाळी थोडी कापून नळी झाळा. अगदीच पोचत नसेल तर ती नळी गळतीच्या वर आणि खाली पक्कडीनं चेपून, टोकं झाळून बंद करता येते. माझ्या हिशोबानं ट्रकच्या कोरमध्ये अशा तीन-चार नळ्यांपुढे जाऊ नये. बंद केलेली प्रत्येक नळी म्हणजे घाटात तेवढं कमी थंड होणं.

झाळून हाताला सोसेल इतकं थंड झालं की बादलीभर पाण्यात मूठभर खाण्याचा सोडा घालून ती जागा ब्रशनं धुवा, मग साध्या पाण्यानं. फ्लक्स तसाच राहिला तर दोन महिन्यांत तिथे हिरवी बुरशीसारखी झिलई येते आणि धातू खाल्ला जातो. गॅरेजांत ही पायरी सर्रास गाळली जाते.

तपासणी: परत हौदात, परत तोच दाब. दहा मिनिटं एकही माळ नको आणि पंपाचा काटा उतरायला नको. जमलं तर रेडिएटरमध्ये गरम पाणी भरून पुन्हा दाब द्या. काही भेगा गार धातूत मिटलेल्या असतात, तापल्यावरच उघडतात.

## पायरी ८: बसवण्याआधी शेजारचं बघा

थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टोपात पाण्यासोबत तापवा, दोऱ्यानं लटकवून, तळाला टेकू न देता. त्याच्यावर जो आकडा कोरलाय त्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. उघडत नसेल तर नवा घाला. "थर्मोस्टॅट काढूनच टाक, गाडी गार राहते" हे ऐकून चालू नका. इंजिन कायम थंड चालतं, डिझेल जास्त जातं, सिलिंडर लवकर झिजतात.

फॅन हातानं पुढे-मागे हलवून बघा. डुगडुगला तर पंपाचं बेअरिंग गेलंय. आज झाळलेल्या कोरमध्ये उद्या तोच फॅन घुसेल. पट्ट्याला तडे असतील तर तोही आत्ताच बदला.

## पायरी ९: बसवणं आणि भरणं

माउंटिंगची रबरं नवी घाला. ट्यूबचे तुकडे कापून घालणारे आहेत, पण ते महिन्यात चेपतात. बोल्ट रबर किंचित दबेल इतकेच आवळा. रबर पूर्ण चेपलं की ते नसल्यासारखंच. फॅन हातानं पूर्ण फिरवा आणि प्रत्येक पातं कोरपासून आणि कवचापासून मोकळं आहे ना ते बघा.

होज तोंडाच्या उंचवट्याच्या पुढे जाईपर्यंत आत सारा आणि क्लिप उंचवट्याच्या मागे बसवा, उंचवट्यावर नको. तारेनं होज आवळायची सवय सोडा. तार होजही कापते आणि पितळही.

कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं, बाहेर बादलीत मिसळून मग भरा. पाणी डिस्टिल्ड घ्या. बोअरचं नको, विहिरीचं नको. वेगळ्या जातीचं जुनं कूलंट त्यात मिसळू नका. बारीक धारेनं भरा, मध्ये मध्ये वरचा होज दाबत राहा म्हणजे हवा निघते. भिंतीवरचा आकडा आठवा. कॅप न लावता गाडी चालू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते आणि वरचा होज गरम होतो. तेव्हा पुन्हा भरा, कॅप लावा.

गाडी पूर्ण तापल्यावर इंजिन बंद करा, किल्ली खिशात घाला आणि कोरवरून तळहात वरून खाली फिरवा. वर जास्त गरम, खाली कमी, आणि बदल हळूहळू. मध्येच कुठे गार ठिगळ लागलं तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

## वाटेत गळालं तर

टाकीच्या सांध्यातून झिरपत असेल तर थंड झाल्यावर ओला कपड्याचा साबण रगडून भरा. नळी असेल तर पक्कडीनं चेपा. कॅप पहिल्या खाचेवर ठेवली तर दाब बनत नाही आणि गळती कमी होते, पण पाणी लवकर उकळतं, म्हणून सावकाश, काट्यावर नजर ठेवून, जवळच्या गॅरेजपर्यंतच.

हळद टाकण्याबद्दल बोलतो, कारण ती जवळपास प्रत्येक केबिनमध्ये असते. हळदीनं बारीक गळती थांबते, हे खरं आहे. पण तिला गळकी नळी आणि चांगली नळी यातला फरक कळत नाही. गेल्या हंगामात एका गाडीची वरची टाकी सोडवली तेव्हा आत पिवळा लगदा बोटभर जाड बसला होता, आणि नळ्यांची तोंडं शोधायला खिळ्यानं टोकरावं लागलं. त्या ड्रायव्हरनं तीन खेपांत तीन पुड्या टाकल्या होत्या. चमचाभर टाकून घरी पोचलात तर पोचल्याच्या दिवशीच पाणी काढून टाका आणि आतून धुवा. तयार मिळणाऱ्या गळती-बंद पावडरींनाही हाच नियम.

## पहिले तीन दिवस

पहिली खेप रिकाम्या गाडीची करा. दुसऱ्या दिवशी माल भरून, शक्यतो एखादा चढ घेऊन. परत आल्यावर झाळलेल्या जागेवर खडूची पूड फासून ठेवा. रोज सकाळी, गाडी चालू करण्याआधी, कॅप उघडून पातळी बघा. पहिल्या सकाळी बोटभर उतरली तर आत राहिलेली हवा निघाली असं समजून भरून घ्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या सकाळीही उतरत असेल आणि पूड कोरडी असेल, बाहेर कुठेही ओल नसेल, तर पाणी बहुतेक इंजिनाच्या आत जातंय. पायरी २ मधली बुडबुड्यांची तपासणी पुन्हा करा, आणि ती होईपर्यंत गाडीत माल भरू नका.